भोकाची पट्टी आणि निम्मी विहीर

रंभाकाकूंचं कौतुक करायला मी हे लिहायला बसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कंपनीतल्या एका बाईंना त्यांचा फोटो हवा होता, महिला दिनाला पडद्यावर दाखवायला. डोक्यावर पदर, हातात सर्किट, मागं हिरवं शेत. मी काकूंना विचारलं, तर त्यांनी विचारलं की फोटो काढल्यानं खाचरात पाणी येणार आहे का. मी त्या बाईंना नाही म्हणून कळवलं आणि मला दिवसभर फार बरं वाटलं.

मी अपेक्षा, मूळची वाशीमची. हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. चौघींच्या फ्लॅटमध्ये दूध कुणी संपवलं यावरून रोज भांडणं व्हायची. त्याला कंटाळून तीन वर्षांपूर्वी मी कासार आंबोलीत खोली घेतली आणि घोटवड्यावरून स्कूटरनं जाऊ-येऊ लागले. खोली रंभाकाकूंची. वय पन्नाशीच्या पुढचं, उंची बेताची, आवाज मात्र ओढ्यापलीकडे पोचणारा. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, एकुलती मुलगी शुभांगी लग्न होऊन पौडला. काकूंच्या वाट्याला भाताची तीन खाचरं होती आणि निम्मी विहीर.

निम्मी विहीर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिच्यावरूनच झालं. विहीर काकूंच्या सासऱ्यांनी खोदलेली. त्यांचे दोन मुलगे: थोरला म्हणजे काकूंचा नवरा, धाकटा जयसिंग. सातबाऱ्यावर विहीर दोघांची सामायिक, मोटार एकच. मोटारीचं पाणी विटांच्या छोट्या हौदात पडतं आणि हौदाला दोन तोंडं आहेत, एक काकूंच्या शेताकडं जाणारं आणि एक जयसिंगच्या. एक दिवस यांची पाळी, एक दिवस त्यांची. ज्याची पाळी नसेल त्यानं आपल्या तोंडाला फळी लावून ते बंद ठेवायचं. फळीला कुलूप नाही. भावाभावांच्या पाण्याला कुलूप लावायचं नसतं, अशी रीत सासऱ्यांनी घालून दिली होती आणि काकूंनी ती कधी मोडली नव्हती.

अडचण अशी, की विहीर उंचावर आहे आणि काकूंची खाचरं टेकाडाच्या पलीकडं, खाली. लाईट आली की मोटार सुरू करायची आणि धावत खाली जाऊन दारं धरायचं, म्हणजे एक खाचर भरलं की बांध फोडून पाणी पुढच्यात वळवायचं. हे काम दोन माणसांचं. एक विहिरीवर, एक खाली. काकू एकट्या. त्या खाली गेल्या की हौदावर काय चाललंय ते त्यांना दिसायचं नाही, आणि वर आल्या की खाली पाणी भलत्याच ठिकाणी फुटलेलं असायचं. आपल्या पाळीला पाणी बोटभर येतं आणि जयसिंगच्या पाळीला मनगटाएवढं, हे त्यांना चार वर्षं दिसत होतं. टेकाडाच्या अलीकडच्या उताराला शनिवार-रविवारच्या बंगल्यांची वसाहत झाली, तिथं पोहायचा तलाव झाला आणि जयसिंगच्या तोंडाला पाटाऐवजी तिकडं जाणारा जाड पाईप आला, तेव्हापासून.

जयसिंगचं उत्तर ठरलेलं होतं. वहिनी, पाणी कमी येत नाही, तुमच्या बांधांना खेकड्यांची बिळं पडलीत, पाणी त्यातनं जातं. बाईमाणसाला दारं धरता येत नाही, असंही तो हसत जोडायचा. देवळात बसणाऱ्या चार लोकांनाही हे पटलं होतं. खेकड्यांना कुणी साक्षीला बोलावत नाही, त्यामुळं त्यांच्यावर काहीही ढकलता येतं.

आता माझ्या डब्याची गोष्ट. मला अधूनमधून छंदाचे झटके येतात. गिटार झाली, रंगांची पेटी झाली, मग एका झटक्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचं किट मागवलं. त्यात काडेपेटीहून लहान एक बोर्ड, त्याच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना पिनांची रांग, एक पांढरी भोकाभोकांची पट्टी म्हणजे ब्रेडबोर्ड, रंगीत वायरी, मूठभर दिवे आणि घड्याळाचा एक चिमुकला तुकडा. मी एक दिवा लुकलुकवला, त्याचा व्हिडिओ भावाला पाठवला आणि डबा माळ्यावर टाकला. दोन वर्षं तो तिथंच पडून होता.

मागच्या वर्षी मे महिन्यात काकू पापड ठेवायला माळ्यावर चढल्या आणि डबा घेऊनच खाली उतरल्या. त्यांनी वायरी बाहेर काढल्या, एकेक बोटावर गुंडाळून पाहिली, टोकं निरखली. मग मला ती गोष्ट कळली, जी दोन वर्षं एका अंगणात राहूनही कळली नव्हती. नवरा असताना आणि गेल्यावरही, अशी अकरा वर्षं काकू पिरंगुटच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायला जात होत्या. सात वाजता रिक्षा, आठ तास उभं राहून काम. दिवसाला शंभराच्या वर जुडगे त्यांच्या हाताखालून जायचे. एके दिवशी मशीन आलं आणि सगळ्या बायकांना घरी पाठवलं.

"अकरा वर्सं वायरी जोडल्या मी," त्या म्हणाल्या. "पिवळी हितं, निळी तितं. ती वायर फुडं जाऊन काय करती, ते एकानंबी सांगितलं न्हाई. तू सांगतीस का?"

मला लाज वाटली. अकरा वर्षं एक माणूस हे विचारत होतं आणि मी उत्तर माळ्यावर टाकून गिटारीचे क्लास शोधत होते.

मी सांगायला बसले. पट्टीवरची आडवी पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात आणि मधल्या खाचेपलीकडची पाच वेगळी, हे समजावायला मी कागदावर बाण काढत होते. काकूंनी मला मध्येच थांबवलं. पाच भोकं एका चुलीवर जेवणारी, म्हणाल्या, आणि खाच ओलांडली की वेगळं घर. बोर्ड नेमका त्या खाचेवर बसायचा, एक पाय या घरात, एक त्या घरात, आणि दोन्ही अंगाला वायर खोचायला भोकं मोकळी राहायची. मी आधी एकदा आणलेला बोर्ड एवढा रुंद होता की पट्टीवर बसला की वायरीला जागाच उरायची नाही. मी तो रागानं परत पाठवला होता. हा बरा, काकू म्हणाल्या, शेजाऱ्याला जागा सोडून बसतो.

दिवा लागला तेव्हा त्या हसल्या नाहीत. तो काढून उलटा लावला. लागला नाही. परत सुलटा लावला. मग प्रोग्रॅममधला हजार हा आकडा म्हणजे काय ते विचारलं, त्या जागी शंभर घातला आणि दिवा वेड्यासारखा लुकलुकायला लागला. सातवी शिकलेल्या बाईनं बारा मिनिटांत मला सहा प्रश्न विचारले. त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये जयसिंग एक टाईप केलेला कागद घेऊन आला. विहिरीतला निम्मा हिस्सा मी राजीखुशीनं सोडत आहे, असं त्यात काकूंच्या तोंडी लिहिलं होतं. पाणी तुम्हाला पुरतच नाही, मग हिस्सा ठेवून काय करणार, असा त्याचा हिशेब. विहिरीसकट वरची जमीन घ्यायला कुणी तयार होतं आणि त्याला विहीर अर्धी नको होती. सही करून ठेवा, दसऱ्यानंतर देवळात चौघांसमोर देऊन टाका, म्हणाला. काकूंनी कागद घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि ठेवते म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी कागद पाटावर पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं पट्टी काढायला घेतली. मी म्हटलं, काकू, अहो तो कागद. त्या म्हणाल्या की घरात दुसरा मोठा कोरा कागद नाही.

त्या कागदाच्या पाठीवर पुढचे दोन महिने सगळं घडलं. कल्पना साधी होती आणि ती काकूंचीच. हौदाच्या प्रत्येक तोंडाशी स्टीलचे दोन चमचे एकमेकांपासून बोटभर अंतरावर बसवायचे. पाणी वाहत असलं की चमच्यांमधून वीज पलीकडं जाते, पाणी नसलं की जात नाही. बोर्डानं दर मिनिटाला विचारायचं, पाणी आहे का, आणि घड्याळात पाहून लिहून ठेवायचं. प्रोग्रॅम मी लिहिला, पण प्रत्येक ओळ काकूंनी वाचून घेतली आणि दोन ठिकाणी माझी चूक काढली. सगळं बसलं श्रीखंडाच्या डब्यात, वीज पुरवणाऱ्या सेलसकट. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो डबा त्यांनी हौदाच्या भिंतीत, विटेच्या खबदाडीत ठेवला.

संध्याकाळी डबा घरी यायचा, फोनला जोडला की यादी दिसायची. काकूंच्या पहिल्याच पाळीला लाईट आठ तास होती. काकूंच्या तोंडातून पाणी आठ तास वाहिलं होतं. जयसिंगच्या तोंडातूनही, जे बंद असायला हवं होतं, साडेचार तास. पुढच्या पाळीला चार. त्याच्या पुढच्या पाळीला पाच. काकू वहीत उतरवत गेल्या. मला राग येत होता, मी आत्ताच जाऊन विचारते म्हणत होते. त्यांनी मला बसवून ठेवलं. चार वर्षं मी बोलत होते तर खेकडे होते, म्हणाल्या, आता यादी बोलेल.

त्या वर्षी पाऊस नवरात्राआधीच उठला. भात निसवलं होतं, कणसात दाणा भरायचा होता आणि खाचरांना भेगा पडायला लागल्या होत्या. आता पाणी मिळालं नाही तर कणसं उभी राहणार आणि आत फोलपट, हे काकू रोज सकाळी बांधावरून बघून यायच्या.

आणि मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. काकूंनी कोयता, विळे, खुरपं, कारखान्यातून येताना आणलेली पकड आणि फवाऱ्याचा पंप ओटीवर मांडला. शेवटी श्रीखंडाचा डबा आणला, झाकण काढून मधोमध ठेवला. माझं सगळ्यात कामाचं हत्यार आता हेच, म्हणाल्या. हळद-कुंकू पाण्यात कालवून बोटानं प्रत्येकाला लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. डब्यातल्या पट्टीलाही बोट लावलं. मी तिथंच उभी होते. चुका शोधायचा पगार घेणारी मी, मला त्यात चूक दिसली नाही. मी फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. बेचाळीस जणांनी पाहिला. दुपारी डबा परत हौदावर गेला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी भैरोबाच्या देवळात बैठक बसली. जयसिंगनंच बसवली होती. मधे बसले बंडोपंत, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, गावात एकमेव माणूस ज्यांचं घड्याळ बरोबर असतं. काकूंनी वही दिली, मग फोन दिला, ताजी यादी तुम्हीच मोठ्यानं वाचा म्हणाल्या. सणाच्या गडबडीत ती आम्ही पाहिलीच नव्हती. बंडोपंत चष्मा सावरून वाचायला लागले. साडेचार तास, चार तास, पाच तास. मग ते दसऱ्याच्या तारखेवर आले आणि थांबले. जयसिंगच्या तोंडातून पाणी, सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत, सलग.

जयसिंगनं सावकाश विचारलं, "दसऱ्याला दिसभर लाईट न्हवती. तार तुटली हुती, सगळ्या गावाला ठावं हाय. मग वयनी, मोटार काय खेकडे फिरवत हुते?"

देऊळ हसून हसून लोळलं. कुणी म्हणालं, खेळणं ते, पोरींनी खेळायचं. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला माझ्या छंदांसकट पोटात घ्यावं. खाचरांना भेगा पडल्यात, आता हिस्सा ठेवून काय करता, म्हणत जयसिंगनं खिशातून पेन काढलं, कागदाची दुसरी प्रतही तो घेऊनच आला होता. बंडोपंतांनीही चष्मा काढला आणि काकूंकडं दिलगिरीनं पाहिलं. त्यांच्या मते विषय संपला होता.

काकूंनी पेन घेतलं नाही. त्या उठल्या, चपला घातल्या, विहिरीकडं गेल्या आणि पंधरा मिनिटांनी डबा घेऊन परत आल्या. तोवर कुणी उठलं नव्हतं, कारण तमाशा अर्धा सोडून कोण जातं. सगळ्यांसमोर झाकण काढलं. फुलाची एक पाकळी आत चिकटलेली होती. आणि पट्टीच्या दोन ओळींवर, एक वायर जयसिंगच्या तोंडाशी बसवलेल्या एका चमच्याची आणि शेजारची दुसऱ्या चमच्याची, लाल ओल्या कुंकवाचा चांगला ठसठशीत टिळा. कुंकू भोकांत उतरलं होतं. दोन घरांमधली भिंत त्यानं भिजवून टाकली होती, आणि बोर्डाला चमच्यांमध्ये सतत पाणी आहे असं वाटत होतं.

काकूंनी दातकोरणीनं एकेक भोक साफ केलं. मग डबा वर धरला.

"चूक माजी हाय," त्या म्हणाल्या. "पूजा मी केली, ओलं बोट मी लावलं. नवमीपासनं फुडची यादी खोटी. ती खोडा. पर मागली खरी हाय, आन् मी सही करणार न्हाई. उद्या माजी पाळी. ज्याला माजं यंत्र खोटं वाटतंय त्यानं उद्या दिसभर हौदावर बसायचं. जयसिंग, तूबी."

चूक कबूल केली की माणूस मऊ होतो असं आपल्याला वाटतं. काकूंचा आवाज उलट चढला होता. बंडोपंतांनी लगेच सांगितलं की ते येतील आणि स्वतःच्या हातानं वेळ लिहितील. आता जयसिंगला नाही म्हणता येईना. हौदावर बसायला तो का घाबरतो, हे मग कुणीतरी विचारलंच असतं.

सोमवारी मी रजा टाकली. अंगात ताप आहे असं कळवलं, जे एका अर्थी खरंच होतं. सकाळी आठला लाईट आली. हौदावर बंडोपंत वही घेऊन, त्यांच्या शेजारी देवळातले तिघं, आणि जयसिंग फळीला पाठ लावून. काकूंनी मोटार सुरू केली आणि खाली दारं धरायला गेल्या. मीही गेले. टेकाडावरून पाणी आलं तेव्हा मला आधी आवाज ऐकू आला. रोज बोटभर येणारं पाणी पाट भरून उसळत आलं, काकूंना फावडं घेऊन पळायला लागलं. भेगा पाणी पिताना बुडबुडे येत होते. दहाच्या आत पहिलं खाचर भरलं. एरवी संध्याकाळपर्यंत जेमतेम दोन भिजायची. दीड वाजता तिसरं भरून बांधावरून पाणी सांडायला लागलं आणि काकूंनी खालूनच ओरडून मोटार बंद करायला सांगितली. मी म्हटलं होतं ना, आवाज ओढ्यापलीकडं पोचतो.

सगळे खाली आले. बंडोपंतांनी त्यांची वही आणि यादी शेजारी शेजारी धरली. आठ वाजून चार मिनिटं ते एक वाजून बत्तीस मिनिटं. दोन्हीकडं तेच. पण आता यादीकडं कुणी पाहतच नव्हतं. सगळे भरलेल्या तीन खाचरांकडं पाहत होते. बांध तेच होते, दारं धरणारी बाईही तीच होती.

काकूंनी चिखलाचे हात पदराला पुसले आणि विचारलं, "खेकडे आज सुट्टीवर हायेत व्हय?"

जयसिंग काहीतरी म्हणाला, जमीन आधीच ओली असेल वगैरे. भेगा काल त्यानंच देवळात सांगितल्या होत्या. बंडोपंतांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. इतक्या वर्षांत पोस्टातसुद्धा इतकी सरळ नोंद पाहिली नाही, म्हणाले, आणि घरी जेवायला गेले.

मी काकूंना म्हटलं, आता फळीला कुलूप लावा. त्या माझ्यावर भडकल्या. कुलूप लावायचं नाही ही सासऱ्यांची रीत होती, ती त्या मोडणार नव्हत्या. मात्र बघायचं नाही अशी रीत कुणी घातली नव्हती. डब्याच्या झाकणाला भोक पाडून त्यांनी लाल दिवा बाहेर काढला. काकूंच्या पाळीला जयसिंगचं तोंड वाहिलं की तो लुकलुकतो आणि देवळाच्या पायरीवरून स्पष्ट दिसतो. दाणे भरल्यावर कणसं वाकली, भात कापून झालं, घमघमीत तांदूळ घरात आला. तोवर दिवा एकदाही लागला नव्हता. कुंकू आता झाकणाला लागतं, बाहेरून, कोरडं.

दिवाळीनंतर जयसिंग आला. अंगणात उभ्या उभ्या इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला की तो जूनमधला कागद द्या, फाडून टाकू, विषय मिटला. काकूंनी भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं कागद खिळ्याला लावलेला होता, पाठ बाहेर करून. पेन्सिलीची पट्टी, पाच-पाच भोकं, मधली खाच, पिवळी वायर इथं आणि निळी तिथं. हिस्सा सोडल्याची ओळ भिंतीला चिकटली होती.

"त्यो आता मिळायचा न्हाई," काकू म्हणाल्या. "माज्या कामाचा हाय."